गांगुर्डे कुटुंबातील धोरणात्मक संवाद : एक जागतिक आढावा

माणूस बोलायला केव्हा लागला याबद्दल विद्वानांत मतभेद आहेत. पण बोलण्यावर संशोधन करण्याइतका तो पुढारला तो विसाव्या शतकात, याबद्दल एकमत आहे. त्याआधीची हजारो वर्षं माणसं एकमेकांशी नुसतीच बोलत होती. त्यांच्याजवळ ना गृहीतक होतं, ना नमुना, ना निष्कर्ष. त्या बोलण्यातून भांडणं होत, सोयरिकी जुळत, बाजार भरत. पण शास्त्र म्हणून हाती काही लागत नसे.

ही उणीव जगाने मोठ्या हिकमतीने भरून काढली. प्रथम महायुद्धं झाली. शत्रूला काय सांगायचं, आपल्या लोकांना काय सांगायचं आणि दोघांपासून काय लपवायचं हे ठरवायला हुशार माणसं लागली. युद्धं संपली, हुशार माणसं उरली. त्यांना साबण, सिगारेट आणि सरकारं यांनी सामावून घेतलं. त्यांच्या कामाला आधी प्रचार म्हणत. तो शब्द बदनाम झाला म्हणून प्रसिद्धी म्हणू लागले. प्रसिद्धीही मळली तेव्हा जनसंपर्क आला, आणि जनसंपर्काकडे लोक डोळे बारीक करून पाहू लागले तेव्हा धोरणात्मक संवाद आला. (काम तेच राहिलं. पाट्या रंगवणाऱ्यांची मात्र सोय झाली.)

परदेशात निघालेला सिद्धान्त नाशिकला पोचायला पाच-सहा वर्षं सहज लागत. तो आधी दिल्लीत उतरे. तिथे परिसंवादात त्याचं स्वागत होई. मग पुण्यात त्याच्या मराठी प्रतिशब्दांवरून दोन तट पडत. मुंबईत तो विकला जाई. आणि शेवटी कसारा घाटात मागून इंजिन लावून तो एकदाचा वर येई. वर आलेल्या सिद्धान्ताला उतरवून घ्यायला जे गृहस्थ नाशकात उभे असत, त्यांचं नाव डॉ. शेखर गांगुर्डे.

शेखरराव मूळचे चांदवडचे, कांदा पिकवणाऱ्या घरातले. त्या घरात सगळेच मोठ्याने बोलत, कारण वावरं लांब होती. शेखरराव मात्र लहानपणापासून हळू बोलत आणि दुसरा बोलत असताना आढ्याकडे बघत. हा मुलगा शेतीच्या कामाचा नाही हे ओळखून घरच्यांनी त्यांना शिकवायचं ठरवलं. नव्वद सालानंतर ते संवादशास्त्रात डॉक्टर झाले आणि इंदिरानगरातल्या संवादशास्त्र संशोधन मंदिरात चिकटले.

हे मंदिर एका पिठाच्या गिरणीच्या वरच्या मजल्यावर होतं. जागा स्वस्त होती. गिरणी दिवसभर चाले, त्यामुळे मंदिरातले संवादतज्ज्ञ एकमेकांशी ओरडून आणि उरलेलं खुणांनी बोलत. संध्याकाळपर्यंत सर्वांच्या भुवयांवर पिठाची साय चढे व ते होते त्याहून बरेच अनुभवी दिसत. पुढे भारनियमन सुरू झालं तेव्हा भर दुपारी गिरणी बंद पडून शेजारच्या टेबलावरचं बोलणं स्पष्ट ऐकू येऊ लागलं. अशा वेळी सगळे ओशाळून चहाला खाली जात.

शेखररावांच्या पत्नी ज्योत्स्नाबाई पंचवटीतल्या एका शाळेत शिक्षिका होत्या. त्यांना एक सवय होती. सांगायचं ते त्या एकदा सांगत, स्पष्ट सांगत आणि समोरच्याच्या तोंडाकडे बघून सांगत. शास्त्राच्या दृष्टीने हा संवादाचा फारच मागासलेला प्रकार. पण वर्गातली साठ पोरं गप्प बसत, भाजीवाला काट्यावरचा अंगठा काढून घेई आणि रिक्षावाला पुलावरून नेतो म्हणाला की पुलावरूनच नेई. शेखररावांना याचं कौतुक होतं. फक्त याला सिद्धान्ताचा आधार नाही, याची त्यांना हुरहूर वाटे.

मंदिराचे संचालक गोरक्ष बोडके यांच्याकडे शेखरराव पहिल्यांदा संशोधनाचा प्रस्ताव घेऊन गेले, तेव्हा खाली बाजरी दळली जात होती.

"सर, पाहणीला लोक लागतील. पाचशे तरी!" शेखरराव ओरडले.

"पाचशे लोकांना चहा कोण पाजणार?" बोडके ओरडले. "तुमच्या घरी किती जण?"

"मी सोडून तीन! आई, मिसेस आणि मुलगी!"

"चालतील! घरचेच आहेत, कुठे पळून जात नाहीत!"

अशा रीतीने जागतिक संशोधनातला एक अत्यंत टिकाऊ नमुना निवडला गेला. आई धोंडाबाई, वय साठच्या पुढे, पत्नी ज्योत्स्ना, कन्या तृप्ती, बालवाडी, छोटा गट. पुढची चौदा-पंधरा वर्षं जगात जो जो विचार आला तो तो या तिघींवर करून पाहण्यात आला, आणि तिघींपैकी एकीनेही त्यासाठी मानधन मागितलं नाही. (दोघींना हे चाललंय याची कल्पना नव्हती. तिसरी बालवाडीत होती.)

प्रथम एकमार्गी सिद्धान्त आला. डावीकडे बोलणारा, उजवीकडे ऐकणारा, मध्ये बाण. बाण फक्त उजवीकडे जाई. शेखररावांनी एका शुक्रवारी जेवताना संदेश सोडला : "रविवारी आपण सगळे चांदवडला जायचं." रविवारी सगळे चांदवडला गेले. परिणामकारकता शंभर टक्के आली. ज्योत्स्नाबाईंना सहामाहीचे पेपर तपासायचे होते. त्यांनी ते एसटीत मांडीवर घेऊन तपासले, आणि आग्रा रोडच्या खड्ड्यांमुळे कित्येक मुलांना अर्धा अर्धा मार्क इकडेतिकडे झाला. पण बाणाच्या चित्रात पेपरांना जागा नव्हती. निबंध छापून आला. बोडक्यांनी पेढे वाटले. त्यावरही थोडं पीठ होतं.

मग जगाला एक दिवस असा शोध लागला की ऐकणाऱ्यालाही तोंड असतं. या शोधाने परदेशात फार खळबळ माजली. बाण दोन्ही बाजूंनी काढावेत असं ठरलं. हा द्विमार्गी सिद्धान्त घाट चढून आला तेव्हा तृप्ती चौथीत होती. शेखररावांनी दर सोमवारी रात्रीच्या जेवणानंतर घरात प्रतिसाद-सत्र सुरू केलं. नियम साधे होते. कुणीही काहीही बोलावं. शेखरराव मधे बोलणार नाहीत, रागावणार नाहीत, आणि कृतीही करणार नाहीत. कारण कृती केल्यास पुढच्या सोमवारचा प्रतिसाद दूषित होतो.

धोंडाबाईंना हे सत्र बेहद्द आवडलं. त्यांनी पहिले कितीतरी सोमवार एकट्या आपल्या गुडघ्यावर घेतले आणि नंतरचे निफाडच्या नणंदेवर.

"लय बरं वाटतं बाई," त्या शेजारच्या रंगूबाईंना सांगत. "आमचा शेखर डोळं मिटून आयकतो. निस्ता देव दिसतो."

ज्योत्स्नाबाई एका सोमवारी म्हणाल्या, "गीझर गळतोय."

शेखररावांनी मान हलवली.

पुढच्या सोमवारी त्या म्हणाल्या, "अहो, गीझर अजून गळतोय."

शेखररावांच्या चेहऱ्यावर आनंद पसरला. एकच प्रतिसाद दोनदा येणं याला शास्त्रात सातत्य म्हणतात, आणि ते फार दुर्मीळ असतं. पाहणीचा निष्कर्ष असा निघाला की व्यक्त होण्याची संधी मिळाल्यास ६६.६७ टक्के कुटुंब समाधानी राहतं. (उरलेल्या ३३.३३ टक्क्यांनी तोवर पंचवटीतून प्लंबर आणून गीझर दुरुस्त करून घेतला होता. ही घटना प्रतिसादात न मोडता गोंगाटात मोडते.)

नवं शतक उजाडलं आणि जगाने ठरवलं की नुसतं ऐकून भागत नाही, मोजलं पाहिजे. संस्था आणि तिचा लोकसमुदाय यांच्यात नातं असतं, त्या नात्यात विश्वास असतो, समाधान असतं, बांधिलकी असते, आणि हे सगळं एक ते सात या आकड्यांत मावतं. शेखररावांनी घरात प्रश्नावल्या वाटल्या. तृप्ती तेव्हा आठवी-नववीत होती. तिने 'वडील माझं म्हणणं समजून घेतात' यापुढे सात लिहिलं आणि 'वडील माझं म्हणणं कधीच समजून घेत नाहीत' यापुढेही सात लिहिलं. शेखरराव दोन दिवस हरखून गेले होते. 'पौगंडावस्थेतील दुहेरी विश्वास' हा त्यांचा निबंध त्यातूनच निघाला आणि चक्क लखनौला वाचला गेला.

ज्योत्स्नाबाईंनी प्रश्नावली पोळ्या लाटता लाटता भरली. सगळीकडे पाच किंवा सहा. शेखररावांनी सरासरी काढली : ५.८. संसाराच्या समाधानाचा हा आकडा त्यांनी मंदिरात सर्वांना ओरडून सांगितला आणि फ्रेम करून घरात भिंतीवर लावला. ते खरोखर सुखावले होते. माणसाला आपली बायको सुखी आहे हे दशांश चिन्हापर्यंत कळावं, हे भाग्य किती जणांच्या वाट्याला येतं!

आणि मग दोन हजार सहा-सातच्या सुमारास धोरणात्मक संवाद आला. आता बोलण्यामागे हेतू हवा, ऐकण्यामागे हेतू हवा, गप्प बसण्यामागे तर हवाच. त्याच सुमारास जगाच्या असंही लक्षात आलं की जगातलं संशोधन चार-दोन देशांतच चाललंय आणि उरलेलं जग नकाशावर मोकळंच पडलंय. ते ताबडतोब भरून काढायचं ठरलं. उत्तर युरोपातल्या एका थंड शहरात परिषद होती. तिच्या आयोजकांना 'इतर' या सदरात एक जण कमी पडत होता. शेखररावांना निमंत्रण आलं. विषय होता : भारतीय कुटुंबातील ऐकण्याची संस्कृती.

परिषद नोव्हेंबरात, म्हणजे दिवाळीच्या मागोमाग. दिवाळीला तृप्ती पुण्याच्या वसतिगृहातून घरी आली होती. सकाळची वेळ, पुढ्यात फराळ. शेखरराव ताटलीशेजारी लॅपटॉप ठेवून आपल्या भाषणाची चित्रं एकामागोमाग लावत होते.

"अहो, मला बोलायचंय," ज्योत्स्नाबाई म्हणाल्या.

"बोल ना," शेखरराव म्हणाले आणि नियमानुसार डोळे मिटले.

"डोळे उघडे ठेवून ऐका."

त्यांनी उघडले.

"आमच्या संस्थेची सुरगाण्याकडं मुलींची निवासी शाळा आहे. तिथं मला मुख्याध्यापिका म्हणून बोलावलंय. दुसऱ्या सत्रापासून हजर व्हायचं. तिथंच राहावं लागेल. आई म्हणतात, त्या चांदवडला सुनीलभावजींकडं राहतील. तृप्ती पुण्यातच आहे. मला जायचंय. तुमचं काय म्हणणं आहे?"

धोंडाबाईंनी हातातला लाडू खाली ठेवला. तृप्ती वडिलांकडे बघत होती.

शेखररावांनी मान हलवली. मग ते अत्यंत प्रसन्नपणे म्हणाले, "तुझा मुद्दा महत्त्वाचा आहे. मी तो नोंदवून घेतो."

"नोंदवू नका. सांगा."

"पप्पा, मम्मी विचारतेय काहीतरी," तृप्ती म्हणाली.

"हो, हो. त्यामागच्या भावनेचा मला आदर आहे," शेखरराव म्हणाले आणि चिवड्याच्या बोटाने पुढचं चित्र लावलं. त्यावर एक मोठा कान होता.

ज्योत्स्नाबाई काही वेळ त्या कानाकडे बघत राहिल्या. मग उठल्या आणि माळ्यावरची बॅग काढून तिच्यावरची धूळ पुसू लागल्या. शेखररावांना बरं वाटलं. आपली परदेशाची बॅग भरायला ही स्वतःहून लागली, असं त्यांना वाटलं. (त्यांची बॅग त्यांनी शेवटी स्वतःच भरली, आणि त्यात पायमोजे घालायचे राहिले.)

परिषद उत्तम झाली. शेखररावांनी 'इंदिरानगर प्रतिमान' मांडलं : घर हेच श्रवणकेंद्र, सोमवारचं सत्र, कृतीपासून अलिप्त ऐकणं, आणि ५.८. सभागृह थक्क झालं. त्या देशातली कुटुंबं एकमेकांचं ऐकण्यासाठी ताशी पैसे देत होती आणि इथे एक माणूस गिरणीच्या माडीवरून हे फुकट देत होता. एका वृद्ध बाईंनी उभं राहून विचारलं, "या निष्कर्षांबद्दल आपल्या पत्नीचं काय मत आहे?"

"निष्कर्षांची उत्तरदात्यांशी चर्चा करणं शास्त्रात बसत नाही," शेखरराव म्हणाले.

टाळ्या बराच वेळ चालल्या. त्यांना काचेचा एक कान भेट मिळाला. मुक्कामी पोचल्यावर त्यांनी हा आनंद कळवायला घरी फोन लावला. कुणी उचलला नाही. त्यांनी त्याचा अर्थ धोरणात्मक मौन असा लावला आणि झोपले.

ते नाशिकला परतले तेव्हा दाराला कुलूप होतं. जिन्यात रंगूबाई भेटल्या.

"किल्ली माझ्याकडे ठेवलीय बाईंनी," त्या म्हणाल्या. "दूध बंद केलंय, पेपर चालू आहे. डब्यात चिवडा आहे म्हणाल्या."

"कुठं गेलीय?"

"म्हणजे काय? सुरगाण्याला नाही का! मुख्याध्यापिका झाल्या ना. सगळ्या बिल्डिंगनं निरोप दिला, तुमच्या मंदिराखालच्या गिरणीवाल्यानं पेढे वाटले. तुम्हाला ठाऊक नाही?"

शेखररावांनी चौकशी केली. दूधवाल्याला माहीत होतं. पेपरवाल्याला माहीत होतं. इस्त्रीवाल्याने तर बाईंच्या साड्या सुरगाण्याच्या हिशेबाने कडक करून दिल्या होत्या. बोडक्यांना माहीत होतं, आणि त्यांनी ते शेखररावांना सांगितलंही होतं. पण तेव्हा खाली गहू दळले जात होते. थोडक्यात, संदेश समाजातल्या सर्व थरांपर्यंत शंभर टक्के पोचला होता. फक्त ज्याच्यासाठी तो होता तो श्रोता सुटला होता.

त्यांनी पुण्याला फोन लावला.

"पप्पा, मम्मीनं तुमच्या तोंडावर सांगितलं," तृप्ती म्हणाली. "मी तिथंच होते. तुम्ही आदर आहे म्हणालात."

"पण मला ते असं वाटलं नव्हतं..."

"काय वाटलं होतं?"

शेखररावांनी फोन ठेवला. त्यांनी चांदवडला फोन लावला.

"आरं, धा डाव सांगितलं तिनं," धोंडाबाई म्हणाल्या. "म्या बी सांगितलं. तू आपला डोळं मिटून बसतो. आधी मला वाटायचं, पोरगं लय मन लावून आयकतं. मंग कळलं, झोपतं बी नाय आन आयकत बी नाय. कान दाखीव येकदा डाक्टरला."

शेखरराव आज्ञाधारक होते. त्यांनी कान दाखवले. डॉक्टरांनी तपासून दोन्ही कान उत्तम असल्याचा निर्वाळा दिला. त्यामुळे परिस्थिती फारच गंभीर झाली.

संकटकाळी संस्थेने पहिल्या काही तासांत निवेदन प्रसिद्ध करावं असं जागतिक संशोधन एकमुखाने सांगतं. शेखरराव निवेदन तयार करायला टेबलाशी बसले. घर शांत होतं. सोमवार होता. त्यांनी सवयीने समोरच्या तीन खुर्च्यांकडे पाहिलं आणि डोळे मिटले. आणि मग त्यांच्या लक्षात आलं की डोळे मिटले काय नि उघडले काय, तेवढंच ऐकू येतंय. फ्रीजची घरघर तेवढी चालू होती. निवेदन प्रसिद्ध कुणासमोर करायचं हे पुस्तकात दिलं नव्हतं. मग त्यांनी डब्यातला चिवडा खाल्ला. तो सादळला होता.

शनिवारी ते एसटीत बसले. वणी गेलं, बोरगाव गेलं, गाडी डोंगरांत शिरली. शेखररावांनी प्रवासभर धोरणात्मक संदेश रचला. त्याचे चार भाग होते : (अ) घडलेल्या प्रकाराची दखल, (आ) जबाबदारी न स्वीकारता खेद, (इ) सामायिक मूल्यांचा उल्लेख, (ई) भावी वाटचाल. सुरगाणा येईपर्यंत तो पाठ झाला होता. तिथून शाळेपर्यंत ते एका जीपच्या मागच्या फळीवर कोंबड्यांशेजारी बसून गेले. नागलीची, म्हणजे नाचणीची, कापणी होऊन गेली होती आणि खळ्यांवर पेंढ्या रचलेल्या होत्या.

शाळेच्या फाटकात एक बाई तांदूळ निवडत बसली होती. ती स्वयंपाकीण, फुलाबाई.

"कोण पाहिजे?"

"मुख्याध्यापिका. मी... त्यांच्या घरून आलोय."

फुलाबाईने त्यांना खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "बाईचा घरवाला का? बाई बोलली व्हती, येल म्हणून. वाट सापडली तं." आणि ती आत हाक मारत गेली.

ज्योत्स्नाबाई वर्गातून बाहेर आल्या. हाताला खडू, पदर खोचलेला. त्यांच्यामागून पन्नासेक मुली खिडक्यांत जमा झाल्या. शेखरराव सावरून उभे राहिले. घसा खाकरला.

"गेल्या काही दिवसांत आपल्या नात्याच्या संदर्भात ज्या घडामोडी..."

"जेवलात का?" ज्योत्स्नाबाईंनी विचारलं.

शेखरराव थांबले. (अ), (आ), (इ), (ई) यांपैकी कशातच याचं उत्तर नव्हतं. त्यांनी एकदा आढ्याकडे बघितलं, पण ते व्हरांड्याच्या बाहेर उभे होते आणि वर नुसतं आभाळ होतं.

"नाही," ते म्हणाले.

हेतू नसलेलं असं वाक्य त्यांच्या तोंडून कित्येक वर्षांनी निघालं होतं. त्यामुळे त्यांचा आवाज थोडा चिरकला. खिडकीतल्या एका मुलीला हसू आलं.

फुलाबाईने नागलीची भाकर आणि उडदाचं भुजं, म्हणजे भाजलेल्या उडदाचं घट्ट कालवण, वाढलं. शेखरराव खाली मान घालून जेवले. ज्योत्स्नाबाई समोर बसून होत्या.

"मला मुख्याध्यापिका व्हायचं होतं, हे तुम्हाला माहीत होतं?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"किती वर्षं मनात होतं माझ्या. दोनदा नाव येऊन गेलं. मी घरी बोललेही होते. मग माझ्याबद्दल तुम्हाला माहीत काय होतं?"

शेखररावांनी प्रामाणिकपणे विचार केला. "तुझं समाधान ५.८ आहे," ते म्हणाले. "सातपैकी."

ज्योत्स्नाबाईंना हसू फुटलं. ते आवरेना. त्या डोळ्यांना पदर लावून हसत सुटल्या, इतक्या की फुलाबाई चुलीवरचं टाकून बघायला आली. आणि पदर डोळ्यांवरून निघाला तेव्हा त्या हसत नव्हत्या.

"पोळ्या करपत होत्या हो त्या दिवशी," त्या म्हणाल्या. "तो कागद लवकर संपावा म्हणून दिसेल तो आकडा लिहिला मी. तुम्ही तो फ्रेम करून लावलात. रोज येता-जाता बघायची. वाटायचं, यांना माझा आकडा माहीत आहे, तर मी कशाला बोलू?"

आपण यावर काही म्हणावं असं शेखररावांना वाटलं, पण जे जे सुचलं ते सगळं त्यांना कुठल्या ना कुठल्या पुस्तकात वाचल्याचं आठवलं. म्हणून त्यांनी फक्त विचारलं, "मग?"

"मग काय?"

"मग काय झालं? दोनदा नाव आलं, तेव्हा?"

ज्योत्स्नाबाई सांगू लागल्या. आधी दबकत, मग सविस्तर. पहिल्यांदा कुणी नाव खोडलं, दुसऱ्यांदा त्यांनी स्वतःच कसा नकार दिला, शाळेतून येताना रामकुंडावर किती वेळ बसल्या होत्या. मधे एका मुलीचं पोट दुखलं म्हणून उठल्या, परत आल्या, पुढे सांगू लागल्या. शेखरराव डोळे उघडे ठेवून ऐकत होते. त्यांना फार दमायला झालं. माणूस बोलतो तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर इतकं काही चालू असतं, याची त्यांना वाचनातून कल्पना आली नव्हती.

"शनिवारी-रविवारी येत जा," निघताना ज्योत्स्नाबाई म्हणाल्या. "लॅपटॉप आणू नका. आणि मला आत्ताच माफ करायला लावू नका. ते व्हायचं तेव्हा होईल."

शेखरराव येऊ लागले. त्याचे परिणाम त्यांच्या कारकिर्दीवर ताबडतोब दिसले. सुरगाण्याहून परतल्यावर त्यांच्याकडे सांगण्यासारखं पुष्कळ असे, पण छापण्यासारखं काही नसे. बोडक्यांनी त्यांना बोलावून घेतलं.

"दर आठवड्याला दोन दिवस संवाद करता, आणि एक निबंध नाही?"

"ज्योत्स्नाला विचारावं लागेल, सर."

"उत्तरदात्याला विचारणार?" बोडके इतक्या जोराने ओरडले की गिरणी चालू असूनही ते खाली ऐकू गेलं.

शेवटी आग्रहाखातर त्यांनी एक निबंध लिहिला आणि त्या थंड शहरातल्या नियतकालिकाला पाठवला. परीक्षकांनी तो परत केला. अभिप्राय असा होता : 'नमुना अपुरा. गृहीतक नाही. हेतू अस्पष्ट. लेखकाने केवळ आपल्या पत्नीशी गप्पा मारल्या असाव्यात असा संशय येतो.' मंदिराने यावर एक बैठक घेतली आणि शेखररावांना संशोधनातून मोकळं करून ग्रंथालय सांभाळायला दिलं. तिथे पीठ कमी येतं.

इंदिरानगर प्रतिमान मात्र जगभर गेलं. ते अभ्यासक्रमांत लागलं, त्याच्यावर कार्यशाळा झाल्या. दोन हजार नऊमध्ये एक शिष्टमंडळ ते आदर्श घर बघायला आलं. तो शनिवार होता, दाराला कुलूप होतं. शिष्टमंडळाने कुलपाचे फोटो काढले आणि अहवालात लिहिलं की हे कुटुंब आता पूर्णतः स्वयंचलित झालं आहे.

ज्योत्स्नाबाईंनी माफ केलं की नाही, हे आम्ही त्यांना विचारलं. त्या म्हणाल्या, "परवा ते मी बोलता बोलता झोपले. जाग आल्यावर म्हणाले, डांगराच्या वेलाबद्दल बोलत होतीस, तिथंपर्यंत ऐकलंय, पुढचं सांग. बरोबर तिथंपर्यंतच ऐकलं होतं."

या हकिकतीतून कुणी बोध घ्यावा अशी आमची अपेक्षा नाही. एक किरकोळ बाब तेवढी नजरेला आणून देतो. आपण हे वाचत असताना, साधारण शेखरराव परदेशात टाळ्या घेत होते त्या सुमारास, आतल्या खोलीतून कुणीतरी आपल्याला काहीतरी विचारलं. आपण मान वर न करता "हो, चालेल" म्हणालात. काय चालेल, ते उठून विचारून या. घरात माणूस आहे तोवर हे काम फार सोपं असतं.